सासू-सासऱ्यांना डिमसम खायला न्यायचंय? आधी घरी काय ठरवायचं, मग काय मागवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: हाँगकाँगला वांपोआमध्ये राहणारं कुटुंब. पुण्याहून सासू-सासरे महिन्याभरासाठी आलेत. सासूबाई शाकाहारी, अंडंही चालत नाही. सासरे मासे-कोंबडी खातात, पण बीफ आणि पोर्क नाही. नवरा आणि दोन मुलं (वय 5 आणि 11) सगळं खातात. घराजवळच्या मॉलमध्ये डिमसमचं (चहाबरोबर लहान टोपल्यांतून येणाऱ्या वाफवलेल्या-तळलेल्या चिनी पदार्थांचं) रेस्टॉरंट आहे, तिथे रविवारी सकाळी सगळ्यांना न्यायचंय. काय मागवावं, कसं जमवावं?

मी मुंबईत एका मोठ्या हॉटेलच्या चायनीज किचनमध्ये हाँगकाँगच्या शेफच्या हाताखाली शिकलो आणि आता बरीच वर्षं इथे हाँगकाँगलाच, वाफेच्या सेक्शनला काम करतो. म्हणून सुरुवात किचनपासून करतो. मेनूकार्डावर कुठेच छापलेली नसते अशी एक गोष्ट तुमच्या कुटुंबासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे, ती म्हणजे डुकराची चरबी.

कँटोनीज, म्हणजे हाँगकाँग-दक्षिण चीनकडच्या, डिमसममध्ये ती सारणात असते, पारीत असते, पिठातही असते. हार गाव घ्या. कोळंबीचं पारदर्शक डंपलिंग. सासऱ्यांना वाटणार, कोळंबीच तर आहे. पण त्या सारणात कोळंबीबरोबर बांबूचे कोंब आणि चरबीचे बारीक तुकडे घालायची जुनी रीत आहे. त्यानेच आतून ओलसरपणा येतो. पांढऱ्या वाफवलेल्या बावच्या (सारण भरलेल्या पावाच्या) पिठात, एग टार्टच्या पापुद्र्यांत, तिळाच्या गोळ्यांतल्या गोड सारणात ती बऱ्याच ठिकाणी असते. तळलेल्या अरवीच्या वू गोकवर जी सुंदर जाळी येते, ती तर चरबीचीच करामत. मुळ्याचा केक म्हणून जो लो बाक गो मिळतो, त्यात मुळा आणि तांदळाचं पीठ खरंच असतं, पण सोबत सुकी कोळंबी आणि चिनी सॉसेजचे कणही असतात. अलीकडे पुष्कळ किचनमध्ये वनस्पती तेल वापरतात, पण कुठल्या पदार्थात काय, हे गल्लीतल्या रेस्टॉरंटमध्ये बाहेर टेबलावर बसून कळत नाही.

म्हणून रविवारच्या आधी घरात शांतपणे बोलून घ्या. काही घरांत तुकडा दिसला नाही की चालतं, काही घरांत तळणीचं तेलही वेगळं लागतं. दोन्ही ज्याच्या-त्याच्या जागी ठीक आहे, पण सासूबाई यातल्या कुठल्या, हे तुम्हाला नक्की माहीत हवं. ‘बघा आई, हे व्हेजच आहे’ असं म्हणून त्यांच्या ताटलीत बाव ठेवू नका. वेटरने मान डोलावली म्हणून तो बाव शाकाहारी होत नाही. रविवारी सकाळी तो एकटा अर्धा हॉल सांभाळत असतो आणि त्याच्या हिशेबी मांसाचा तुकडा नाही म्हणजे झालं.

त्या कडक असतील तर त्यांचं डिमसम वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी करा. डायमंड हिलला चि लिन भिक्षुणी मठासमोर नान लिआन उद्यान आहे आणि तिथे धबधब्यामागे मठाचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे. वांपोआहून क्वुन टाँग लाइनची एमटीआर (मेट्रो) पकडली की गाडी न बदलता थेट डायमंड हिल. बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे सासूबाईंना प्रत्येक घासाला विचारत बसावं लागणार नाही. अंड्याचं तेवढं मागवताना एकदा खात्री करून घ्या. मठाची इमारत 1998 साली चीनच्या थांग राजवटीच्या काळाच्या शैलीत नव्याने उभारलेली, लाकडात लाकूड अडकवून जोडलेली आहे. सासऱ्यांना बघायला आवडेल. फक्त चांद्र महिन्याचा पहिला आणि पंधरावा दिवस टाळा. त्या दोन दिवशी इथले बरेच चिनी लोक शाकाहार पाळतात आणि अशा ठिकाणी रांगा लागतात.

सासऱ्यांची पोर्कची अट चरबीपर्यंत जात असेल तर वान चायला ओई क्वान रोडवर मशिदीच्या इमारतीत इस्लामिक सेंटरचं कँटीन आहे. तिथे हलाल डिमसम मिळतं, म्हणजे पोर्कचा प्रश्नच संपला. कँटीनच आहे, सजावटीची अपेक्षा ठेवू नका. बीफचे पदार्थ मात्र तिथे असतात, तेवढे वगळा. एरवी गोडीगुलाबीने सगळ्यांना एकाच टेबलावर बसवायचं असेल आणि सासूबाईंचं चार-पाच ठरावीक पदार्थांवर, चहावर आणि नातवंडांवर भागत असेल, तर तुमच्या मॉलमधलं रेस्टॉरंट उत्तम. पुढचं सगळं त्याबद्दल.

वेळेचं आधी सांगतो. रविवारी अकरा ते एकमध्ये गेलात तर नंबराचा कागद हातात धरून दारात उभं राहावं लागेल आणि आत गेल्यावरही दीड तासात उठा म्हणतील. नऊच्या सुमारास जा. त्या वेळी हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले आजोबा असतात, घाई कुणाला नसते आणि किचनमध्ये पहिल्या घाण्यांचा माल ताजा असतो. दुसरी वेळ दुपारी दोननंतरची. बऱ्याच ठिकाणी तेव्हा दर उतरतात, पण पुण्याची माणसं जेवायला दोनपर्यंत थांबतील असं मला वाटत नाही. ढकलगाड्यांवर टोपल्या फिरवणारी रेस्टॉरंट आता फार उरलेली नाहीत. मुलांना ती गंमत दाखवायचीच असेल तर सेंट्रलला सिटी हॉलमधलं मॅक्सिम्स पॅलेस आहे. मात्र रविवारी तिथे लवकर पोचा.

बसल्याबरोबर पहिला प्रश्न येतो तो चहाचा. खायचं काय, हे नंतर. माणशी चहाचे पैसे बिलात लागतातच, साधारण 10 ते 20 हाँगकाँग डॉलर, प्या किंवा नका पिऊ. दुधाचा चहा इथे मिळत नाही, त्यासाठी चा चान तेंग, म्हणजे इथली साधी चहा-नाश्त्याची हॉटेलं, वेगळी. सासऱ्यांसाठी पो लेई मागवा: काळसर, मातकट चवीचा, तेलकट खाण्यावर छान. सासूबाईंना आणि मुलांना शेवंतीचा चहा, सोबत खडीसाखर मिळते. दोन किटल्या सांगितल्या तरी चालतं. एक गरम पाण्याचीही येते. चहा कडू झाला तर त्यात पाणी ओता, आणि किटली रिकामी झाली की झाकण तिरकं करून ठेवा. वेटर बघतो आणि भरून जातो. हाका मारायची गरज नाही.

मग भांडी विसळायचा कार्यक्रम. मधे एक मोठा वाडगा येतो. पहिला गरम चहा किंवा पाणी वाट्या, पेले, चमचे, चॉपस्टिक्सवर ओतून ते त्या वाडग्यात टाकायचं. भांडी आधीच धुतलेली असतात, तरी इथली माणसं हे करतातच. सासूबाईंना हे काम द्या. अनोळखी जागी हाताला काही ओळखीचं मिळालं की माणूस सैलावतो. पुढे कुणी तुमच्या पेल्यात चहा ओतला की दोन बोटं वाकवून टेबलावर हलकेच टकटक करायची, म्हणजे आभार. चीनचा सम्राट छ्यानलाँग वेष बदलून फिरत असताना त्याने नोकराला चहा ओतून दिला, नोकराला सगळ्यांसमोर लोटांगण घालता येईना, म्हणून त्याने बोटं वाकवली, अशी त्यामागची दंतकथा. अकरा वर्षांच्या मुलाला ही सांगा, तो दिवसभर टकटक करेल. चहा ओतताना आधी मोठ्यांना, मग बाकीच्यांना, स्वतःला शेवटी.

टेबलावर न मागता शेंगदाणे किंवा लोणचं आलं असेल तर ते फुकट नाही. नको असेल तर लगेच परत करा. बाजूला एक्सओ सॉस दिसला तर शेजवान चटणी समजून सासूबाईंच्या ताटलीत घालू नका. त्यात सुकवलेले शिंपले, सुकी कोळंबी आणि हॅम असतं. साधी मिरचीची चटणी वेगळी मागा. आणि हो, मांचुरियन इथे नाही. तो मुंबईचा पदार्थ आहे.

आता मागवायचं. पेन्सिलने खुणा करायचा कागद किंवा क्यूआर कोड असतो. कागदावर पदार्थ लहान, मध्यम, मोठा, विशेष अशा दरांच्या गटांत असतात. मोठा म्हणजे जास्त नग नव्हे, दराचा गट. लोकांची नेहमीची गडबड इथे होते: भूक लागलेली असते, चौदा टोपल्यांवर खुणा करून कागद एकदम देऊन टाकतात. आम्ही आत वाफेवर एकामागून एक चढवतो आणि दहा मिनिटांत सगळं टेबलावर येऊन पडतं. तुम्ही बावचे कागद सोलत बसता, तोवर हार गाव निवून जातं. पाच-सहा टोपल्यांनी सुरुवात करा, त्या संपत आल्या की पुढच्या. डिमसमला दीड तास लागतो तो याच्यासाठी.

हार गावबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ते चांगलं की वाईट यावरून मी रेस्टॉरंट जोखतो. पारी गव्हाच्या स्टार्चची आणि टॅपिओकाची. गव्हाचं पीठ नव्हे, त्यातला ग्लुटेन धुऊन काढल्यावर उरतं ते स्टार्च. त्यावर कडकडीत उकळतं पाणी ओतून झाकून ठेवायचं, मग मळायचं. उकडीच्या मोदकाची उकड काढणाऱ्याला यातलं अर्धं येतं. फरक एवढाच की मोदकाच्या कळ्या चहूबाजूंनी वर नेऊन टोकाला मिटतात, हार गावच्या चुण्या एकाच बाजूला पडतात आणि दुसरी बाजू सपाट ठेवून तिच्यावर दाबतात. पारी लाटत नाहीत. बोथट, तेल लावलेल्या सुऱ्याची आडवी बाजू गोळीवर टेकवून मनगटाच्या एका झटक्यात वर्तुळ पसरवतात, कडा मधल्या भागापेक्षा पातळ. यात ताण घेणारं काही नसल्यामुळे पारी जाड राहिली तर पिठूळ लागते, फार पातळ झाली तर उचलतानाच फाटते. कोळंबीला थोडा खायचा सोडा चोळून वाहत्या गार पाण्याखाली बराच वेळ धुतात, म्हणून ती दाताखाली कुरकुरीत लागते. टोपली आली की झाकण काढा, चॉपस्टिक्सने एक उचला. पारी टोपलीच्या कागदाला चिकटून फाटली नाही, आतला गुलाबी रंग दिसला आणि चावल्यावर पाणी सुटलं, तर शेफ कामाचा आहे. निवालं की पारी घट्ट होते आणि मग काही उपाय नाही. म्हणून बाकी काहीही थांबलं तरी हार गाव आधी खायचं.

सासऱ्यांना हार गाव चरबीच्या शंकेमुळे नको असेल तर कोळंबीचं चेउंग फन द्या. तांदळाच्या पातळ दुधाची वाफवलेली मऊ चादर, आत अख्खी कोळंबी, वरून गोडसर सोया. शंका कमी, चव जास्त. माशाच्या गोळ्या, करीतले वाफवलेले माकूल त्यांना चालतील, पण गोळ्यांत काय मिसळलंय ते विचारून घ्या. कोंबडीचे पाय मागवाच. आधी तळतात, मग गार पाण्यात घालून कातडी सुरकुतवतात, मग मसाल्यात शिजवून काळ्या सोयाबीनच्या सॉसबरोबर वाफवतात. हाडं तोंडातच सोडवून ताटलीत टाकायची, इथे ते असभ्य नाही. कोंबडी खाणाऱ्या कोकणी माणसाला हा पदार्थ पहिल्या घासाला विचित्र वाटतो, तिसऱ्याला दुसरी टोपली मागवतो, असं मी पाहिलंय. शुमाय त्यांनी टाळावा, त्यात पोर्क असतंच. कमळाच्या पानातला चिकट भात, लो माय गाय, हाही टाळावा. कँटोनीजमध्ये गाय म्हणजे कोंबडी, तेव्हा नाव ऐकून दचकायचं कारण नाही, पण त्या भातात कोंबडीबरोबर पोर्क आणि सॉसेजही असतं. बीफला ‘ङाव युक’ म्हणतात, पोर्कला ‘ज्यू युक’. हे दोन शब्द लक्षात राहिले तरी निम्मं काम होतं.

सासूबाईंसाठी ‘सिक जाय’ एवढं म्हणा, शाकाहारी आहे हे कळतं. जा लेउंग मागवा: तळलेल्या पिठाच्या काडीभोवती तांदळाची चादर गुंडाळलेली, बाहेर मऊ, आत कुरकुरीत. सोया वेगळ्या वाटीत मागा. काही ठिकाणी सोया सुक्या माशावर उकळतात, तिळाचा सॉस मिळाला तर उत्तम. गाय लान ही पालेभाजी नुसती उकडून द्यायला सांगा, ऑयस्टर सॉस वरून घालू नका म्हणून. ती पाण्यात उकडलीय की मांसाच्या सूपमध्ये, हेही विचारा. टोफूच्या सालीचे रोल शाकाहारी दिसतात, पण मेनूवर शाकाहारी म्हणून वेगळे दाखवले नसतील तर आत पोर्क धरून चाला. मशरूमचं डंपलिंग असेल तर पारीचं विचारायला हवं. गोडाला दाउ फू फा, म्हणजे गरम मऊ टोफूवर आल्याचा पाक. त्यात शंकेला जागाच नाही आणि त्यांना आवडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. आंब्याचं पुडिंग दिसायला मोहक, पण त्यात बहुधा जिलेटिन असतं. पिवळा स्पंजी मा लाय गो अंड्याचा. लाल बीन्सची गरम खीर मिळाली तर ती चालेल.

मुलांची काळजी नको, त्यांना चार सिउ बाव (भाजलेल्या पोर्कचे) आणि एग टार्ट दिसले की झालं. फक्त लाउ सा बाव, ज्यात खारवलेल्या अंड्याचं पातळ कस्टर्ड असतं, तो आल्याबरोबर पाच वर्षांच्या पोराच्या हाती देऊ नका. बाहेरून कोमट लागतो आणि आतलं सारण जीभ भाजतं. अर्धा करून दोन मिनिटं थांबा.

नगांचा हिशेब असा: हार गाव आणि शुमाय टोपलीत चार, बाव आणि टार्ट बहुधा तीन. तुम्ही सहा जण, पण सगळं सगळ्यांना चालत नाही. म्हणून प्रत्येकाला एकेक पोचवायच्या नादात सगळ्याच्या दोन-दोन टोपल्या मागवू नका. मुलांच्या आवडीचं एक दुप्पट, बाकी एकेक. सासूबाईंचे पदार्थ गोल फिरणाऱ्या काचेवर त्यांच्या समोर ठेवा आणि त्यासाठी वाढायच्या चॉपस्टिक्स वेगळ्या मागून घ्या. पोर्क उचललेल्या चॉपस्टिक्स त्यांच्या पदार्थांत यायला नकोत. ही मागणी इथे कुणाला विचित्र वाटत नाही, वाढायला वेगळ्या चॉपस्टिक्स घेणं ही नेहमीचीच पद्धत आहे. उचलताना पहिला घास सासऱ्यांचा, हे मुलांना आधी सांगून ठेवा. भाताच्या वाटीत चॉपस्टिक्स उभ्या खोचायच्या नाहीत, ते पितरांसमोर लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं.

मिशेलिन या रेस्टॉरंटांच्या मार्गदर्शिकेचा तारा मिळालेल्या जागेच्या मागे या वेळी लागू नका. टिम हो वान 2009 साली मोंग कॉकला सुरू झालं, ते माक क्वाय पुई या, लुंग किंग हीन हे इथलं बडं रेस्टॉरंट सोडून आलेल्या शेफने, आणि स्वस्तात तारा मिळाल्यामुळे जगभर गाजलं. खाणं चांगलं आहे. पण सत्तरीच्या माणसांना रांगेत उभं करून खायला घालण्याइतकं चांगलं डिमसम जगात कुठेच नाही. तुमच्या मॉलमधल्या शेफला रोज त्याच शेजाऱ्यांना खाऊ घालायचंय. त्याचा माल बिघडला तर पुढच्या रविवारी हॉल रिकामा राहतो.

बिलात वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज लागलेला असतो, वेगळी टीप द्यायची गरज नाही. सासरे पाकीट काढतील. इथल्या टेबलांवरही बिलासाठी ओढाताण चालते, त्यामुळे कुणी बघणार नाही. ती टाळायची असेल तर नवऱ्याला हात धुवायच्या निमित्ताने आधीच काउंटरवर पाठवा. उरलेलं बांधून मागा. ‘दा बाव’ म्हटलं की डबे मिळतात, त्याचे एक-दोन डॉलर लागतील. हार गाव आणि चेउंग फन घरी नेऊ नका, दुसऱ्या दिवशी ते खाण्यालायक राहत नाहीत. बाव वाफेवर पुन्हा मऊ होतात. लो बाक गो उरला असेल तर तो तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लालसर भाजा. सकाळी नवरा आणि मुलं भांडून खातील.